अर्थ लागत न्हाई

घाटनांदूरच्या स्टेशन रोडवर नागप्पाचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी, एक बाकडं आणि मेलेल्या बॅटऱ्यांची रांग. तीस वर्षं गाड्यांत वाकून त्याची कंबर गेली होती आणि गाडीवाल्यांशी बोलून बोलायची हौस. त्यामुळं रोगाचं निदान तो मोजक्याच शब्दांत करायचा. ‘सप्लाय न्हाई’, नाहीतर ‘अर्थ लागत न्हाई’. बॅटरीतून निघालेला करंट गाडीच्या पत्र्यातून परत घरी येतो, त्या परतीच्या वाटेला सगळे मेकॅनिक ‘अर्थ’च म्हणत. एकदा हायस्कूलचे मराठीचे सर लुना घेऊन आले आणि ‘सर, अर्थ लागत न्हाई’ एवढं ऐकून जे गेले, ते आठवडाभर गप्प होते.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, भर दुपारी, टपरीपुढं गावातल्याच केदारनाथची गाडी थांबली. सरकारनं बाजार उघडला तसं पुण्यात केदारनाथचं नशीब उघडलं होतं, आणि ही जपानी सेकंडहँड गाडी त्याचीच खूण. मागच्या सीटवर त्याची आई, भामाबाई, आडवी पडली होती. मणक्याचं ऑपरेशन होऊन महिना झालेला. पाचच्या आत लातूरला डॉक्टरांपुढं हजर व्हायचं होतं.

“काका, हिचे शॉकॲब्सॉर्बर रस्ता बघून आपोआप मऊ-कडक होतात,” केदारनाथ म्हणाला. “कंप्युटर हाय त्याला. आता समोर धोक्याचा दिवा लागलाय, आन चारीबी कडकच राहायलेत.”

“मग मला कशाला दाखवतो? मी काय कंप्युटर शिकलोय?”

“पुण्याचे मेकॅनिक म्हणतात, कंप्युटरच बदला. पण आईला आज न्यायचंय ना.”

“नागप्पा, बैलगाडी बरी रे बाबा,” मागून भामाबाई कण्हत म्हणाली. “हिच्यात निसता गारवा हाय. बाकी दगूड.”

“जीप करा की, वैनी.”

“जीपात बसले तर लातूरला माजी हाडंच पोचतील.”

नागप्पानं सवयीनं टेस्ट लॅम्प उचलला. होल्डरात एक बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच त्याचं आजवरचं शिक्षण.

“बल्ब नका लावू!” केदारनाथ ओरडला. “लई करंट ओढतो तो. कंप्युटर जळंल म्हणलेत.”

नागप्पानं बल्ब खाली ठेवला. ‘जमत न्हाई’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. सोपे होते, खरेही होते, आणि बाकडं सावलीत होतं. तेवढ्यात भामाबाई कूस बदलायला गेली आणि दात आवळून तशीच राहिली. नागप्पानं गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्यात सरकवलं आणि फळीवरून धूळ खाल्लेलं काट्याचं मीटर काढलं.

केदारनाथ डॉक्टरांना फोन करायला एसटीडी बूथवर गेला. सस्पेन्शनचा कंप्युटर डिकीत, डाव्या बाजूला. फ्यूज चांगला. सप्लाय पुरा बारा व्होल्ट. मग नागप्पानं मीटरची एक वायर कंप्युटरच्या काळ्या, म्हणजे अर्थच्या वायरीला लावली आणि दुसरी, लांब वायर जोडून, बॅटरीच्या निगेटिव्हला. परतीची वाट मोकळी असती तर काटा शून्यावर निजला असता. तो तीनावर उभा होता. तीन व्होल्ट वाटेतच अडकलेले.

ती काळी वायर डिकीतल्या सतरंजीखाली शिरत होती. कमरेला हात लावून नागप्पा वाकला, सतरंजी उचलली, आणि तसाच थांबला. पत्र्यावरच्या बोल्टला हिरवा-पांढरा फुलोरा आला होता. भोवती वाळकं तेल, मोहरीची डाळ, मेथी आणि कैरीची एक फोड.

“नागप्पा,” भामाबाई हळूच म्हणाली. वास तिच्यापर्यंत गेला होता. “दिवाळीला लोनच्याची बरनी दिलती. त्यो म्हणला, संपली.”

“गळली, वैनी. निम्मी गाडीनंच खाल्ली.”

“त्याला सांगू नको रे. न्हायतर न्यायचंच बंद करील.”

नागप्पानं बोल्ट खोलला. पॉलिश पेपरनं पत्रा लख्ख घासला, वायरीचं टोक घासलं, पुन्हा आवळलं. काटा शून्यावर निजला. सरळ व्हायला मात्र नागप्पाला डिकीचा काठ धरावा लागला.

केदारनाथ आला. किल्ली फिरवली. दिवा लागला आणि विझला.

“काय होतं, काका?”

“अर्थ. गंजला होता.”

“आन वास कशाचा?”

“गंजाचाच. जपानी हाय ना.”

मागच्या सीटवर भामाबाईनं पदर तोंडाला लावला.

“आता फाटकावरून हळू घे,” नागप्पा म्हणाला. “तिथं कळंल.”

तो बाकड्यावर टेकला आणि बघत राहिला. गाडी रेल्वेच्या फाटकाशी आली, रुळांवर चढली, डुलत डुलत उतरली. भामाबाईचं ओरडणं काही ऐकू आलं नाही. मग मागची काच खाली सरकली आणि बांगड्यांचा एक हात बाहेर येऊन हलू लागला.

नागप्पानंही हात वर केला. कमरेत कळ आली, तो खांद्यापर्यंतच गेला.