चौथं वासरू

अर्नाळ्याच्या आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. बँकेची परीक्षा सोडून मी कोल्हापूरकडच्या जंगलात रानगव्यांच्या नोंदी ठेवायला गेले, तेव्हा काकी हसली. "एवढी शिकली नि गुरं राखायला गेली गो!" बाबा जाळं खांद्यावर टाकून होडीकडे निघाले. पुढच्या वर्षी परत जायचं की नाही, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

सुट्टीत आले तेव्हा ते ओटीवर जाळं दुरुस्त करत होते. मी मोबाइलवर पानवठ्यावरचा कळप दाखवला. "चौदा आहेत," मी म्हटलं.

"त्यात वासरं किती?"

मी चमकले. आमचे वनरक्षकही आधी हेच विचारतात. बाबांना ते समुद्राने शिकवलं असणार. किनाऱ्याला मासळीची पिल्लं दिसली नाहीत, की त्यांना पुढच्या हंगामाची चिंता लागते.

"तीन."

त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. "चार हायेत. ते बघ, आईच्या पायांमागं."

खरंच होतं. मी लगेच वहीतली नोंद सुधारली.

"म्हंजे कळप वाढतोय. जा तू," बाबा म्हणाले, "पन मोजताना घाई करू नको."