सूर्य कसा पेटतो, हे आबांना सांगायला चोपड्याला

नवरा म्हणाला, "केळी बघायला एवढ्या लांब?" मी म्हटलं, "अणू बघायला!" माझी कॉलेजची मैत्रीण सुनंदा चोपड्याची. तिच्या भाचीला, मयूरीला, बीएस्सीनंतर पुण्यात अणुभौतिकी शिकायचं होतं. पण आबांनी, म्हणजे सुनंदाच्या वडिलांनी, नातीला अट घातली होती: काय शिकणार ते आधी मला समजलं पाहिजे, मग जा. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला मोजून तीन दिवस उरले होते. "तू फिजिक्सवाली, मदतीला ये," सुनंदाचा फोन. पदवीनंतर सगळी नोकरी बँकेत केलेली फिजिक्सवाली! तरी बॅग भरली.

पुण्याहून पहाटेची एसटी धरली तर दुपारी धुळे. तिथे उतरून शेवभाजी खाल्ली नाही तर येणं फुकट. फक्त "तिखट कमी" असं सांगू नका. वाढणारा फार दयेने बघतो. पुढे अमळनेरमार्गे चोपडा, बायकांना अर्धं तिकीट, रस्ता मधूनमधून हाडं खिळखिळी करणारा. तापी ओलांडली की केळीच्या बागा सुरू होतात आणि समोर सातपुडा दिसायला लागतो. मी खिडकी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी मळ्यात भरीत होतं. थंडीत जाणार असाल तर कुणाकडून तरी भरिताचं आमंत्रण मिळवाच. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. जेवता जेवता मी मातीत गोल काढून आबांना केंद्रक, न्यूट्रॉन वगैरे समजावू लागले. आबांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं. माझी हुशारी तिथेच संपली.

मग मयूरी म्हणाली, "आबा, तो दिल्लीना ट्रक याद शे का?"

सुनंदाने डोळे वटारले. या ट्रकचा विषय घरात निघत नाही. फार वर्षांपूर्वी आबांनी कच्च्या केळीच्या ट्रकमध्ये, व्यापाऱ्याला चव कळावी म्हणून, पिकलेला एक घड मधोमध ठेवला होता. वरून ताडपत्री घट्ट बांधली. दिल्लीत पोचेपर्यंत सगळा माल पिवळा!

"एक पिकेल घडनी वायू सोडा," मयूरी म्हणाली, "शेजारना पिकनात, त्यास्नी आखो सोडा. युरेनियमनं बी तसंच शे. एक अणू फुटना का दोन-तीन न्यूट्रॉन सुटतस, त्या दुसरा अणू फोडतस." पिकलेल्या घडाने वायू सोडला, त्याने शेजारचे पिकले, त्यांनी आणखी सोडला, अशी ती साखळी.

आबांचा घास हातातच राहिला. "मंग चारच केळा उघड्यावर ठेवात तं?"

"वायू उडी जास. साखळी तुटस."

म्हणजे पुरेसा माल हवा आणि तो एकत्र दाटलेला हवा, हे आबांनी स्वतःच काढलं. न्यूट्रॉन पाण्यात हळू केले तर अणू जास्त फोडतात, हे ऐकून तर ते खूश झाले. भरधाव जाणारा काही कामाचा नसतो, हे त्यांचं जुनंच मत. मग त्यांनी बोट वर केलं. "आनि हाऊ सूर्य?"

"तठे उलटं, आबा. हलका अणू जुडतस. पण त्या येकमेकले जवळच येऊ देतस नही." कोट्यवधी अंशांची उष्णता हवी, मग ते इतक्या जोरात धावतात की भिडतात, गर्दी हवी, आणि जुळेपर्यंत ती गर्दी धरून ठेवायला हवी. सूर्य स्वतःच्या वजनाने धरतो. इथे तसलं भांडं कुठलं, म्हणून चुंबकाने धरायची खटपट चालते, आणि मयूरीला तेच शिकायचं होतं.

आबांनी बोटं मोजली. "ताप, दाटी नि धीर. येक बी कमी पडनं तं काम नही." मग तिच्यासारखं हे समजणारं इथे आणखी कुणी आहे का, ते नातीला विचारलं: "आठे तुन्हामायक हाई समजनारं कोन शे?"

"कोनीच नही, आबा."

"मंग तुले दाटी कशी भेटई? जाय, बेटी. भर तो फारम."

सुनंदा सरळ रडायला लागली. मीही. असा विद्यार्थी मी आयुष्यात पाहिला नाही. फॉर्म तिथेच, मळ्यात, मोबाइलवर भरला. रेंजसाठी मयूरी विहिरीच्या कठड्यावर चढली होती.

परतताना जळगावहून रेल्वे घेतली. तिकीट आधीच काढा, उभं राहून यायची माझी हौस फिटली आहे.

परवा सुनंदाचा फोन आला. गावात कुणी विचारलं, नात काय शिकणार, की आबा त्याला बसवून घेतात आणि सूर्यापर्यंत नेऊनच सोडतात. फोन ठेवल्यावर मला माझे वडील आठवले. मी फिजिक्स घेते म्हटल्यावर त्यांनी एका शब्दात होकार दिला होता, कसलीही अट नाही. त्याचं मला फार कौतुक वाटायचं. पण मी काय शिकते, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं.