लोखंडी पायाची लाथ

विशीत मी इतकी येडी होते, की पायात लोखंड घातलं म्हणजे लाथही लोखंडी बसेल असं मला खरंच वाटलं होतं.

लाथेचं वेड बैलानं लावलं. पाचोडच्या बाजारात आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, एका बैलाची शेपटी पिरगाळून बघत होते. बैलानं मागचा पाय झाडला. मालक पोट धरून शेणात बसले. सगळा बाजार गप्प राहिला आणि मी हसले. बरं, एकदा हसून थांबावं, तर पदर तोंडाला लावून पुन्हा हसले. अक्कलच तेवढी.

घरी आल्यावर त्यांनी दार लावलं. कोपऱ्यात वखराचं रुमणं, लाकडी दांडकं, उभं होतं. पहिला फटका पाठीत बसला, दुसरा हातावर, तिसरा मांडीवर. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, कळ मागून आली.

"हस आता! हस की!" पडल्यावरही ते हाणतच होते.

दाराबाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "डोस्क्यात नको मारू रं!"

औरंगाबादच्या दवाखान्यात सासूबाईंनीच सांगितलं, "न्हाणीत घसरली." डॉक्टरांनी माझी पाठ बघितली, मग सासूबाईंकडं बघितलं.

मांडीत रॉड घालायच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारत होते, पाय बरा झाल्यावर काय काय करता यायला हवं? शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "परसाकडं बसता आलं की झालं, बाबा."

"आणि तुम्हाला?"

"लाथ मारता आली पाहिजे," मी म्हणाले. "रॉड जरा जाडच घाला, सायेब."

म्हातारी खाट हलेपर्यंत हसली. डॉक्टर हसले नाहीत. "कोणाला?" त्यांनी विचारलं. मग मी न्हाणीची खरी हकिगत सांगून टाकली.

दुसऱ्या दिवशी मला कमरेखाली बधिर केलं, पण कान जागेच होते. हाडात रॉड ठोकताना हातोड्याचे घाव टाळूपर्यंत घुमत होते. प्रत्येक घावाला मी मनात म्हणत होते, ठोका, अजून ठोका.

मग सुरू झाली तालीम. खाटेची दांडी धरून मी लोखंडी पाय उचलायची. तो वीतभरही उठेना. घाम फुटायचा, डोळ्यांपुढं अंधारी यायची.

"काय गं पोरी, बैल झोपला व्हय?" म्हातारी विचारायची.

मला डॉक्टरांचा राग यायचा. फसवलं मेल्यांनी! घरी जायचा दिवस जवळ येत होता. रुमणं त्याच कोपऱ्यात असणार होतं आणि मला पाय उचलता येत नव्हता.

तो दिवस उजाडला. सासूबाईंनी गाठोडं उचललं. मी वॉकर धरून व्हरांड्यात आले. मालक पुढ्यातच उभे होते.

"चल लंगडे, यष्टी सुटंल."

"मी पाचोडला येत नाय," मी म्हणाले. "शहागंजात आईच्या खोलीवर जाते. अन् डॉक्टरला खरं सांगितलंय."

त्यांनी माझा अंबाडा धरला आणि तोंडात मारली. ओठ दातावर फुटला. दुसऱ्यांदा हात वर गेला, तेव्हा मी वॉकर सोडला आणि सगळा जीव त्या लोखंडी पायात आणला. हट्टी मेला जागचा हलला नाही. फरशीत रोवल्यासारखा उभा राहिला. उठला तो दुसरा, साधा, देवानं दिलेला पाय. कधी उठला ते मला कळलंच नाही. लाथ मात्र नेमकी बैलानं मारली होती तिथंच बसली.

मालक पुन्हा पोट धरून खाली बसले.

डॉक्टर धावत आले ते माझ्यावरच ओरडत. "सगळा भार त्या पायावर? कोणी सांगितलं होतं?"

"उभा राहतोय ना, सायेब," मी म्हणाले. तोंडात रक्त होतं, मांडीत आग पेटली होती.

"दुखतंय?"

"लई. पण काम झ्याक केलंय तुम्ही."

मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "आणि यांना काय झालं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गाठोडं छातीशी धरलेल्या सासूबाई सवयीनं बोलून गेल्या, "घसरला."

मी हसले. या वेळी पदर लावला नाही. वॉकर उचलला आणि शहागंजाला जाणाऱ्या रिक्षाकडं निघाले.