दगडोबाच्या लिफ्टीतला आरसा

यवतला हायवेच्या कडेला हौसराव आप्पांनी तीन मजली मंगल कार्यालय बांधलं आणि हौसेनं त्यात लिफ्ट घातली. लिफ्टीत दारासमोरच्या भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा आणि कोपऱ्यात स्टुलावर दगडोबा.

दगडोबाचा जन्म शेवंतीच्या वाफ्यात वाकून गेला. पुढं तो कार्यालयाच्या पार्किंगला राखणीला लागला. गुडघे बोलायला लागले, तेव्हा आप्पांनी त्याला पार्किंगच्या उन्हातनं उचलून इथं बसवलं. सावली, डोक्यावर पंखा, दाबायला बटणं तीन. आणखी काय पाहिजे माणसाला? पण त्या आरशानं त्याचा जीव खाल्ला. बायका आत शिरल्या, की पदर, गजरा, लिपस्टिक! मजला आला तरी एक बाहेर निघेल तर शपथ. वर जाता जाता कपाळाची टिकली आरशाला. रोज संध्याकाळी दगडोबा ब्लेड घेऊन टिकल्या खरवडत बसे.

त्यात येणारा प्रत्येक जण विचारणार, "मामा, लिफ्टीत आरसा कशाला ओ?"

पहिले काही दिवस तो खरं बोलला, "ठावं न्हाई." मग थापा सुरू झाल्या. कुणाला म्हणे चोर दिसावा म्हणून, कुणाला म्हणे जीव घुसमटू नये म्हणून. शेवटी शेवटी नुसता हात जोडायचा.

एकदा एक नवरी आरशापुढं अशी रमली, की मुहूर्तच टळला. आप्पा कडाडले, "पुढचा मुहूर्त चुकला तर तू पुन्हा पार्किंगला!"

दुसऱ्या दिवशी त्यानं कणकेची खळ शिजवली आणि आख्ख्या आरशाला वर्तमानपत्र चिकटवून टाकलं. सुटला म्हणता? छे! आधी ज्या बाहेर निघत नव्हत्या त्याच आता बघायला काही नाही म्हणून विचारू लागल्या, "लिफ्ट हळू झाली का ओ?" आणि पुढच्याच लग्नात नवरदेवाची मावशी रंगुबाई कडाकडा बोलली, "अरं मेल्या, भर लग्नात आरसा झाकलास? आभाळात इजा चमकत्यात व्हय?"

त्या दिवशी मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरी सृष्टी वरच्या मजल्यावर, मांडव मधल्या मजल्यावर. बारा वीसला खालनं नवरदेवाचे आजोबा आले, केंदूरचे ईश्वर आबा, चाकाच्या खुर्चीत. आबांनी आपल्या हातानं चाकं फिरवत खुर्ची सरळ आत घातली. मधला मजला आला, दार उघडलं, आबा मागं सरकले आणि चाक धाडकन चौकटीवर. पुन्हा मागं, पुन्हा धाडकन.

"आबा, मी वढतो."

"खुर्चीला हात लावू नगंस! वीस वर्षं सोसायटीचा चेअरमन हुतो, तवा कुणाची छाती झाली न्हाई. आरसा कुठाय हितला?"

"आरसा कशाला आता?"

"मागचं दार बघायला! वळायला जागा न्हाई, मग आरशात बघूनच मागं जावं लागतंय. दिवसभर लिफ्टीत बसतुयास आन् एवढं ठावं न्हाई?"

एवढ्या लोकांनी विचारलं, आणि उत्तर मिळालं ते असं! तेवढ्यात माईकवरनं गुरुजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

दगडोबानं ब्लेड काढलं. पण खळ त्यानंच शिजवलेली. कागद निघेल तर ना! नखं लावून, थुंकी लावून परातीएवढा तुकडा कसाबसा सुटला.

"आरं, खाली फाड की. मी बसलोय, उभा न्हाई!"

आणखी वीतभर खाली फाडलं. आबांनी त्या भोकात एकदा बघितलं आणि खुर्ची लोण्यातनं सुरी जावी तशी बाहेर काढली.

लिफ्ट वर गेली. सृष्टी आत आली, पाठोपाठ तिचे मामा गोकुळराव. आणि हाय रे देवा, पोरीला भोक दिसलं! शालू सावरत ती वाकली. दगडोबा झटकन आडवा आला आणि भोकाला पाठ लावून उभा राहिला.

"मामा, सरका की! मुंडावळी सरळ हाय का बघू द्या."

"सरळ हाय," दगडोबा म्हणाला.

"आन् टिकली?"

"मधोमध हाय. लई ग्वाड दिसतीस, चल आता!"

एक मिनिट शिल्लक असताना सृष्टी अंतरपाटासमोर उभी राहिली.

संध्याकाळी आप्पांनी आरशाकडं पाहिलं, दगडोबाकडं पाहिलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच. बस स्टुलावर."

दुसऱ्या लग्नाला भोकाच्या कडेनं टिकल्यांची गोल रांग लागली. आणि पहिल्याच पाहुणीनं कमरेत वाकून विचारलं, "मामा, आरसा एवढा खाली कशाला ओ?"