मी ‘मस्ट’ समजून म्हणाले

माझा अंबाडा डॉक्टरांच्या मुठीत होता आणि ते मला इंग्रजी शिकवत होते.

“मस्ट नाही गं बाई. वुड यू माइंड. म्हण. वुड. यू. माइंड.”

समोर खुर्च्यांवर आमचा अख्खा स्टाफ. नर्सेस, वॉर्डबॉय, सिक्युरिटीची माणसं. हातात कॉफी, तोंडावर हसू. आता खरं सांगते, नाटक म्हणून बघाल तर सीन झकास होता. पुण्याचे डॉक्टर चिडलेल्या पेशंटची भूमिका करत होते. मी माझीच भूमिका करत होते. भुवईला टाके, वरचा एक दात गायब. मेकअपचा खर्च शून्य.

हा प्रयोग कशासाठी होता, ते सांगते.

मी सिडनीच्या पश्चिमेला एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स आहे. तिथेच जवळ, गिरावीन नावाच्या उपनगरात राहते. त्याआधी मुंबईत म्युनिसिपल हॉस्पिटलात सिस्टर होते, तिथे एका कॉटवर दोन पेशंट आणि खाली चटईवर तिसरा. तिथे माया आज्ञेतच करतात. बस. गोळी घे. रडू नको. झोप आता. ‘आपण कृपया झोपाल का’ असं कुणी म्हणालं असतं तर पेशंटला वाटलं असतं, आपले शेवटचे दिवस आले.

पण इथे येण्याआधी मी इंग्रजीची परीक्षा दिली होती, आणि चांगली दिली होती. शुड म्हणजे सल्ला. कुड म्हणजे विनंती. मस्ट म्हणजे दुसरा रस्ता नाही. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं नव्हतं. पहिल्या भेटीत ते मला ‘तुम्ही’ म्हणाले होते. अरे वा, मराठी का, छान छान. मग आडनाव विचारलं. मग वडील काय करायचे ते विचारलं. मी सांगितलं, मी जिथे सिस्टर होते त्याच हॉस्पिटलात ते सफाई कामगार होते. छाती पुढे काढून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “अच्छा.” त्या ‘अच्छा’नंतर मी ‘तू’ झाले. मी त्यांना ‘सर’च म्हणत राहिले. इथे लोक मोठ्या सर्जनलासुद्धा नावाने हाक मारतात, आणि मी सिडनीत उभी राहून ‘सर, सर’ करत होते.

हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, मी पेशंटची माहिती द्यायला लागले की डॉक्टर मध्येच हसून सगळ्यांना सांगायचे, “व्हॉट शी मीन्स इज...” आणि माझंच वाक्य पुन्हा म्हणायचे. तेच वाक्य, फक्त इस्त्री केलेलं. लोक त्यांना थँक यू म्हणायचे.

आता तो माणूस.

एका दुपारी आला. बांधकामावरचा, दाराएवढा रुंद, ग्राइंडरने तळहात कापलेला. बराच वेळ थांबावं लागलं म्हणून आधीच तापलेला. शेजारच्या पडद्यामागे एक व्हिएतनामी म्हातारी होती. खुबा मोडलेला, उशाशी तिची मुलगी. ती कण्हत होती. हा ओरडला, हिला गप्प करा. ती कशी गप्प होणार? मग हा उठला आणि तिचा पडदा खस्सकन ओढला. चांगल्या हाताची मूठ वळलेली.

मी मध्ये गेले.

“यू मस्ट सिट डाउन,” मी म्हणाले. “यू मस्ट नॉट टच हर.”

मोठ्याने म्हणाले. वॉर्डच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं. तोच शब्द हवा होता, तोच वापरला. दुसरा रस्ता नव्हता.

पहिला फटका भुवईवर बसला. डोळ्यात रक्त आलं. मग त्याने माझे केस धरले आणि डोकं कॉटच्या दांडीवर आपटलं. एकदा. पुन्हा. लोखंडाची चव कशी असते ते मला तेव्हा कळलं. दात तुटला, मी तो थुंकून टाकला, तो ट्रॉलीखाली गेला. तोंड रक्ताने भरलं होतं आणि मी त्याच्या पोटऱ्यांना मिठी मारून पडले होते, तो पुढे जाऊ नये म्हणून. त्याचा बूट माझ्या बरगड्यांत बसत होता. सिक्युरिटीवाले आले तेव्हा त्यांना आधी मला सोडवावं लागलं, मग त्याला धरावं लागलं.

म्हातारीला ओरखडाही आला नाही. हे मी अभिमानाने सांगते, आणि पुन्हा पुन्हा सांगेन.

दोन दिवसांनी मॅनेजरने बोलावलं. हेदर. फार गोड बाई. तिच्या शेजारी डॉक्टर, ‘कल्चरल सपोर्ट’ म्हणून, म्हणजे मला माझ्या भाषेत आधार द्यायला. मला वाटलं, चौकशी करतील, दाताचं विचारतील. तर त्या माणसानेच तक्रार केली होती. नर्स माझ्यावर हुकूम सोडत होती, त्यामुळे मी भडकलो.

हेदर म्हणाली, “यू कुड परहॅप्स हॅव सॉफन्ड युअर लँग्वेज.” मग म्हणाली, “यू माइट वॉन्ट टू से सॉरी टू हिम.”

माइट वॉन्ट टू. तुला वाटेल कदाचित. वा! काय मखमल! हेदरच्या तोंडी मस्ट कधीच येत नाही. ज्यांच्या हातात तुमची नोकरी असते त्यांना तो लागतच नाही. हे परीक्षेच्या पुस्तकात नव्हतं.

डॉक्टर मराठीत वळले. “सॉरी म्हणून टाक. पर्मनंट व्हायचंय ना तुला? पोलीसबिलीस डोक्यातून काढ. तुम्हा लोकांना आवाज चढवायची सवय असते, इथे नाही चालत.”

तुम्हा लोकांना. खोलीत तिघं होतो. हेदरला वाटलं असेल, किती मायेने समजावतायत. ते कोणते लोक म्हणाले, ते आम्हा दोघांनाच कळलं.

मी विचार करते म्हणाले. होय, तसंच म्हणाले. घरी जाऊन आरशात बघत मी ‘सॉरी’ची प्रॅक्टिससुद्धा केली. पडलेल्या दाताच्या फटीतून नुसती हवा यायची.

त्याच आठवड्यात ते ट्रेनिंग लागलं. रागावलेल्या पेशंटशी कसं बोलावं. सकाळी शिकवणाऱ्या बाईने केस धरले तर कसं सुटायचं तेही दाखवलं. दुपारी रोल प्ले. डॉक्टर उठून म्हणाले, पेशंटची भूमिका मी करतो. ती बाई म्हणाली, फक्त अभिनय करा, खांद्याला हात लावा. डॉक्टरांनी अंबाडाच धरला. घट्ट.

“म्हण, वुड यू माइंड.”



त्यांनी माझं डोकं हलवलं. नारळ हलवून बघतात तसं. लोक हसले. भुवईचा टाका उसवला, मला जाणवलं, गरम काहीतरी गालावर उतरलं. पुढचे लोक हसायचे थांबले. डॉक्टर मागे होते, त्यांना दिसत नव्हतं.

“म्हण ना. सगळ्यांसमोर आपल्याच लोकांची लाज काढतेस.”

आता मी ‘आपल्यातली’ झाले होते.

मी दोन्ही हातांनी त्यांची मूठ माझ्या डोक्यावरच दाबून धरली. सकाळी शिकवलं होतं तशी. खाली वाकले आणि गर्रकन वळले. मनगट कडकन वाजलं. डॉक्टर गुडघ्यांवर आले. कॉफीचा कप कुणाचा तरी उडाला. मी हात सोडला नाही. आणखी थोडा पिरगळला. माझ्या भुवईचं रक्त त्यांच्या शुभ्र कफवर टपटप पडत होतं, आणि मला, देवाशपथ, फार मजा येत होती.

“अगं सोड! सोड! आई गं!”

पुण्याचं सगळं इंग्रजी उडून गेलं होतं. मी त्यांच्या कानाशी वाकले. मराठीतच बोलले. “सोडा म्हण.”

“काय?”

“मला ‘तुम्ही’ म्हण. सोडा म्हण.”

त्याने वर बघितलं. मी हात आणखी अर्धा इंच पिरगळला.

“सोडा,” तो म्हणाला. “सोडा तुम्ही. प्लीज.”

सोडला. त्या दिवसापासून ते माझ्यासाठी ‘तो’ झाले.

हेदर धावत आली. पांढरीफटक. “यू शुड नॉट हॅव डन दॅट!”

“हे वाक्य तुला येतं तर,” मी तिला इंग्रजीत म्हणाले. “माझं डोकं लोखंडावर आपटणाऱ्याला का नाही म्हणालीस? आता नीट ऐक. आय विल नॉट अपॉलोजाइझ.”

गालावरचं रक्त पुसलं नाही. तशीच, युनिफॉर्मवर, पोलीस स्टेशनला गेले. काउंटरवर एक तरुण पोरगी होती. तिने विचारलं, कोणी मारलं? मी दोन नावं सांगितली.

मी पर्मनंट झालेले नाही. होणारही नाही. मनगट मुरगळल्याबद्दल माझ्यावर चौकशी चालू आहे, आणि हॉस्पिटलमधला एक मराठी ग्रुप मी दिसले की रस्ता बदलतो. बदलू दे. म्हातारीच्या मुलीने मात्र साक्ष द्यायचं कबूल केलंय.

कोर्टाकडून विचारणा आली, दुभाषा हवा का. नको म्हणून कळवलं. मी उभी राहीन आणि एकेक फटका त्याच्या जागेसकट सांगेन, त्या माणसाच्या डोळ्यांत बघून. या कामात मार पुन्हाही पडेल. पडू दे. पण मार खाऊन माफी मागणार नाही. आणि मला ती मागायला लावायला जो कुणी गोड आवाजात येईल, त्याचंही नाव सांगेन. मोठ्याने.