विसरणाऱ्यांना फिरवणारे आम्ही

"मॅडम, एवढे किस्से आणता कुठून?" लोक विचारतात. अहो, आणायला कशाला लागतात! विसरणाऱ्या माणसासोबत राहा, घरबसल्या साचतात. ऐकायला कुणी नसतं, एवढंच.

लातुरात आम्ही तिघं-चौघं आपापलं विसरणारं माणूस घेऊन सकाळी मैदानावर जमतो. माझे हे, गणिताचे रिटायर्ड सर. रशीदभाई टेलर त्यांच्या अम्मीला आणतात.

*

मी कोचिंगमध्ये बायोलॉजी शिकवलेली. सवय जात नाही. रशीदभाईंना म्हटलं, "जीन बदलत नाहीत. पण चालण्यानं, माणसांत राहण्यानं मेंदूतले काही जीन जास्त कामाला लागतात. उंदरांवर दिसलंय. पिंजऱ्यात चाक ठेवतात, खेळणी ठेवतात, सोबती ठेवतात."

"सोबती बी? मग आपल्यापेक्षा उंदरांचंच बरं हाय की!"

सगळे हसले, मीही हसले. पोरं पुण्याला. घरात आम्ही दोघं, आणि हे मला ओळखत नाहीत. 'बाई' म्हणतात, तेही अहो-जाहो करून! रोज फिरवते ते एवढ्यासाठीच, की एकदा तरी ओळखावं.

*

अम्मीला चालायचा लई कंटाळा. रशीदभाईंनी थाप मारली, "देवणीला शादी हाय, चल." अम्मी तरातरा निघाल्या! चार फेऱ्या झाल्यावर थांबल्या. "रशीद, देवणी इत्ती दूर कब से हो गई रे? खाना खतम हो जाएंगा!"

*

एकदा हे माझा हात सोडून शेजारच्या कोचिंगमध्ये शिरले. फळ्यावर वर्तुळ काढलं आणि शिकवायला सुरुवात! पोरांनी मुकाट वह्या उघडल्या. शिकवलं बी अगदी नीट. दारात माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, झालं, गाडी रुळावर आली!

बाहेर येऊन म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा कोणत्या बॅचला?"

मला रडू आवरेना. रशीदभाई म्हणाले, "मॅडम, चाला. तुमचे बी जीन हायेत की."

*

परवा दुपारी घरासमोरून बोअरची गाडी गेली. मांडणीवरची भांडी वाजली. भूकंप बघितलेला आमच्याकडचा माणूस भांडी वाजली की आधी अंगणात पळतो, मग विचार करतो. ह्यांनी माझं मनगट गच्च धरलं आणि ओढतच बाहेर आणलं. किती वर्षांनी धरलं असेल तसं! मला वाटलं, ओळखलं.

लिंबाखाली मला उभं केलं. "बाई, इथून हलू नका."

"आणि तुम्ही कुठं निघालात?"

"सोडा हो! माझी बायको आत राहिली!"

आणि माझ्या नावानं हाका मारत परत घरात पळाले. "सुमन! अगं सुमन, बाहेर ये!"