पहिल्या सामन्यातला गोल

कोल्हापुरात आमच्या पेठेचा फुटबॉलचा सामना होता. स्टेडियममध्ये माझ्या पुढच्या पायरीवरच्या बापानं चिमुरड्या लेकीला खांद्यावर घेतलं होतं. तिचा पहिलाच सामना. गोल झाला, अख्खी पेठ उसळून उभी राहिली. पोरगी मात्र मैदानाकडं बघायचं सोडून, वाकून बापाचं तोंड बघत राहिली.

"पप्पा, तुम्ही एवढं वरडतासा?"

माझ्या पहिल्या सामन्यातला गोल कुणी मारला, मला आठवत नाही. आठवतात ते माझे वडील. घरात कधी आवाज न चढवणारे आबा, सामाईक भिंतीवरून अबोला धरलेल्या शेजाऱ्याच्या गळ्यात पडून नाचत होते. परतताना दोघं पुन्हा गप्प. मी मात्र वाटभर मान वर करून आबांकडं बघत होतो. एवढा मोठा माणूस आपल्याच घरात राहत होता!